मॉडेलने सांगितलेलं कारण खरं कशावरून? भाषेच्या एआय मॉडेलांची स्पष्टीकरणं तपासण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुळात प्रश्न काय आहे?

भाषेवर काम करणारं मॉडेल निर्णय देतं: ही प्रतिक्रिया द्वेषपूर्ण आहे, हा अर्ज बाजूला काढा, या परिच्छेदात तुमच्या प्रश्नाचं उत्तर नाही. "का?" असं विचारलं की आज बहुतेक यंत्रणा काहीतरी कारण पुढे करतात. कुठे वाक्यातले काही शब्द रंगवून दाखवले जातात, कुठे मॉडेल स्वतःच चार ओळी लिहून देतं. ते कारण आणि मॉडेलच्या आत प्रत्यक्ष झालेली आकडेमोड यांचा मेळ बसतो का, एवढाच हा प्रश्न आहे. संशोधक याला फेथफुलनेस म्हणतात. या पानावर त्यासाठी 'इमान' हा शब्द वापरला आहे: स्पष्टीकरण मॉडेलशी कितपत इमान राखून आहे?

हा प्रश्न प्रयोगशाळेपुरता नाही. ज्याचा अर्ज नाकारला गेला तो माणूस सांगितलेल्या कारणावर विसंबून पुढचं पाऊल उचलतो. कारण खोटं असेल तर तो नको ती गोष्ट दुरुस्त करत बसतो, आणि ज्यामुळे खरोखर नकार आला ती गोष्ट पुढच्या अर्जातही तशीच राहते. मॉडेल बनवणाऱ्याचीही तीच गत होते. त्याला दोष भलत्याच ठिकाणी दिसतो.

स्पष्टीकरण पटलं, वाचायला स्वच्छ वाटलं, तर ते पुरेसं का नाही?

कारण पटणं ही वाचणाऱ्याच्या मनातली गोष्ट आहे आणि इमान ही मॉडेलच्या आतली. आलोन याकोवी आणि योआव गोल्डबर्ग यांनी 2020 मध्ये या दोन गोष्टी नीट वेगळ्या मांडल्या. त्यांचा आग्रह असा की स्पष्टीकरण माणसाला पटतं का हे एक मोजमाप झालं, मॉडेलशी जुळतं का हे दुसरं, आणि पहिल्यावरून दुसऱ्याचा निष्कर्ष काढू नये. आज हे उघड वाटतं, पण त्याआधीच्या कितीतरी शोधनिबंधांत चार वाक्यं रंगवून दाखवायची, रंगवलेले शब्द समंजस दिसले की पद्धत चांगली म्हणायची, असा रिवाज होता.

धोका असा की पटणारं पण बेइमान स्पष्टीकरण हे न पटणाऱ्या स्पष्टीकरणापेक्षा वाईट. न पटणारं निदान संशय तरी जागा ठेवतं.

तरीही, जाणकार माणसांना विचारून पडताळता येणार नाही का?

नाही, आणि याचं कारण नीट समजून घेण्यासारखं आहे. जाणकार सांगतो की *तो* या निर्णयाला कसा आला असता. मॉडेल त्या वाटेने गेलंच नसेल तर जाणकाराचं उत्तर काय कामाचं?

याचा सर्वांत बोलका पुरावा अनुमानाच्या कामात सापडला. एक वाक्य दिलेलं असतं आणि दुसरं वाक्य त्यावरून निघतं का, त्याच्या विरोधात जातं का, की दोन्ही नाही, हे मॉडेलने ओळखायचं. एसएनएलआय हा त्यासाठीचा प्रसिद्ध इंग्रजी डेटासेट. 2018 मध्ये संशोधकांनी मॉडेलला फक्त दुसरं वाक्य दाखवलं, पहिलं दाखवलंच नाही. तरी सुमारे 67 टक्के उत्तरं बरोबर आली. नुसत्या अंदाजाने तेहतीसच्या आसपास आली असती. मजुरीवर वाक्यं लिहिणाऱ्या लोकांच्या सवयी डेटात उतरल्या होत्या. विरोधी वाक्य लिहायचं तर 'कोणीही नाही' किंवा 'झोपला आहे' अर्थाचे शब्द ते सारखे वापरत, आणि मॉडेलने नेमकं तेच हेरलं. पुढच्याच वर्षी हान्स नावाच्या चाचणीसंचाने दाखवलं की दोन्ही वाक्यांत तेच ते शब्द आले की नावाजलेली मॉडेलं डोळे झाकून 'निघतं' म्हणतात.

आता अशा मॉडेलचं इमानी स्पष्टीकरण काय असेल? "पहिलं वाक्य मी विचारात घेतलंच नाही, दुसऱ्यात 'झोपला' दिसलं म्हणून विरोध म्हणालो." जाणकार याला शून्य गुण देईल. आणि दोन्ही वाक्यांतले अर्थपूर्ण शब्द जोडून दाखवणाऱ्या खोट्या स्पष्टीकरणाला भरभरून देईल. माणसांच्या पसंतीवर स्पष्टीकरणं निवडली तर दोष झाकणाऱ्या पद्धतीच पुढे येतात.

ही स्पष्टीकरणं तयार कशी होतात?

थोडक्यात सांगायचं तर तीन-चार घराणी आहेत. लाइम (2016) एका वाक्याचे शब्द उडवून शेकडो रूपं तयार करते, मॉडेलची उत्तरं पाहते आणि त्या वाक्यापुरतं एक सोपं समीकरण बसवते. शॅप (2017) खेळसिद्धांतातल्या शॅप्ली मूल्यांवरून प्रत्येक शब्दाला श्रेयाचा वाटा देते. ग्रेडियंटवर आधारलेल्या पद्धती, उदाहरणार्थ 2017 ची इंटिग्रेटेड ग्रेडियंट्स, इनपुट किंचित बदललं तर उत्तर किती हलेल याचा गणिती हिशेब करतात. चौथं घराणं मॉडेलच्या स्वतःच्या अटेंशनचे आकडे वाचतं; अटेंशन म्हणजे मजकूर वाचताना मॉडेल कोणत्या शब्दाला किती वजन देतं त्याचा हिशेब. आणि आता पाचवं आलं आहे: मॉडेललाच विचारायचं, "का?"

अटेंशन पाहिलं की मॉडेलने कशाकडे लक्ष दिलं ते कळतं. मग वाद कसला?

वाद मोठा झाला आणि तो वाचण्यासारखा आहे, कारण त्यातून हे क्षेत्र शहाणं झालं.

2019 मध्ये सार्थक जैन आणि बायरन वॉलेस यांनी 'अटेंशन म्हणजे स्पष्टीकरण नव्हे' अशा थेट मथळ्याचा शोधनिबंध लिहिला. त्यांनी दोन गोष्टी दाखवल्या. एक, अटेंशनने महत्त्वाचे ठरवलेले शब्द आणि ग्रेडियंटने महत्त्वाचे ठरवलेले शब्द बऱ्याचदा जुळत नाहीत. दोन, अटेंशनची वाटणी पार बदलूनही मॉडेलचं उत्तर जवळपास तेच ठेवता येतं. उत्तर तेच आणि 'लक्ष' भलतीकडे, तर मग त्या लक्षाला कारण कसं म्हणायचं?

त्याच वर्षी सारा विग्रेफ आणि युवाल पिंटर यांनी उत्तर दिलं. अटेंशन हा मॉडेलचा सुटा भाग नाही, तो बाकीच्या भागांबरोबर शिकून तयार होतो. तो एकटाच उपटून, एकेका वाक्यापुरते हवे ते आकडे घालून पाहणं म्हणजे वेगळंच मॉडेल तपासणं. त्यांनी अधिक कडक चाचण्या सुचवल्या, आणि 'स्पष्टीकरण' म्हणजे आपल्याला नक्की काय हवं हे आधी ठरवा, असं सांगितलं.

माझ्या मते दोन्ही बाजूंचं मिळून जे निघतं ते असं: अटेंशनचे आकडे हा एक सुगावा आहे, साक्ष नाही. शिवाय ते प्रयोग प्रामुख्याने जुन्या, एकाच अटेंशन थराच्या मॉडेलांवर होते. बर्ट या प्रसिद्ध भाषामॉडेलच्या लहान आवृत्तीतच 12 थर आणि प्रत्येक थरात 12 अटेंशन हेड, म्हणजे 144 वेगवेगळी लक्षं. वरच्या थरापर्यंत पोचेतो प्रत्येक शब्दाच्या जागी आजूबाजूच्या शब्दांची माहिती मिसळलेली असते. त्यातलं एक हेड निवडून सुंदर चित्र काढणं सोपं आहे, आणि म्हणूनच त्या चित्रावर विसंबू नये.

मग इमान मोजायचं कसं?

मॉडेलला हात लावून. स्पष्टीकरण म्हणतं की हा शब्द महत्त्वाचा. तर तो शब्द काढा आणि मॉडेल हलतं का पाहा. 2020 मध्ये आलेल्या इरेझर नावाच्या मानक संचाने सात डेटासेट एकत्र करून या कल्पनेला दोन मोजमापांचं रूप दिलं.

उदाहरण घेऊ, यातले आकडे केवळ समजण्यासाठी आहेत. परीक्षणातलं वाक्य: "अभिनय अप्रतिम, बाकी सगळं ठीकठाक." मॉडेल म्हणतं सकारात्मक, 0.92 खात्रीने. स्पष्टीकरण 'अप्रतिम' या शब्दावर बोट ठेवतं. पहिली चाचणी: 'अप्रतिम' काढा. खात्री 0.31 वर घसरली तर फरक 0.61. हा फरक जितका मोठा तितकं चांगलं, कारण स्पष्टीकरणाने दाखवलेल्या शब्दाबाहेर निर्णयाला फारसा आधार उरलेला नाही. दुसरी चाचणी उलटी: फक्त 'अप्रतिम' ठेवा, बाकी सगळं काढा. खात्री 0.88 राहिली तर फरक 0.04. इथे फरक जितका लहान तितकं चांगलं. तेवढा शब्द निर्णयाला पुरतो.

दोन्ही लागतात. समजा मॉडेल 'अप्रतिम' आणि 'अभिनय' दोन्हींवरून स्वतंत्रपणे सकारात्मक ठरवतं. मग एक काढला तरी दुसरा तारून नेतो, पहिल्या चाचणीत फरक दिसत नाही आणि दुसरी मात्र उत्तम जाते. एकच आकडा पाहिला असता तर निष्कर्ष चुकला असता.

आणखी एक गोष्ट कधीही विसरू नये: तुलनेसाठी तितकेच शब्द यादृच्छिकपणे काढून पाहा. तुमची पद्धत त्याहून ठळकपणे सरस नसेल तर बाकीच्या आकड्यांना अर्थ नाही.

शब्द काढले की वाक्यच मोडतं. त्या मोडक्या वाक्यावरून काय कळणार?

हा या चाचणीवरचा सर्वांत गंभीर आक्षेप आहे आणि तो रास्त आहे. मॉडेल पूर्ण वाक्यांवर शिकलेलं असतं. त्याच्यासमोर तुकडे ठेवले की उत्तर बदलतं ते शब्द महत्त्वाचा होता म्हणून, की इनपुट अनोळखी झालं म्हणून, हे वेगळं करता येत नाही.

2018 चं एक उदाहरण या क्षेत्रात सगळ्यांना पाठ आहे. परिच्छेदात असं होतं की अॅस्टरने निकोला टेस्लाला नव्या दिव्यांच्या संशोधनासाठी पैसे दिले आणि टेस्लाने ते कोलोराडो स्प्रिंग्जच्या प्रयोगांवर खर्च केले. प्रश्न: टेस्लाने अॅस्टरचे पैसे कशावर खर्च केले? संशोधक प्रश्नातला सर्वांत 'बिनमहत्त्वाचा' शब्द एकेक करून काढत गेले. शेवटी इंग्रजी प्रश्नातलं नुसतं 'डिड' हे साहाय्यक क्रियापद उरलं. मॉडेल अजूनही तेच उत्तर देत होतं, आणि खात्री 0.78 वरून 0.91 वर गेली होती! 'डिड' हे त्या उत्तराचं कारण आहे असं कोणीच म्हणणार नाही. पूर्ण वाक्यांच्या बाहेर मॉडेलची खात्री कशीही भरकटते, एवढंच त्यातून कळतं.

एक उपाय म्हणजे शब्द काढलेल्या डेटावर मॉडेल पुन्हा शिकवायचं आणि मग अचूकता किती घसरते ते पाहायचं. चित्रं ओळखणाऱ्या मॉडेलांवर 2019 मध्ये रोअर नावाने हे केलं गेलं. प्रचलित पद्धतींपैकी बऱ्याच पद्धती यादृच्छिक निवडीहून सरस ठरल्या नाहीत. पण पुन्हा शिकवलेलं मॉडेल हे मूळ मॉडेल राहत नाही, म्हणून हा उपायही अर्धाच. व्यवहारात शब्द काढण्याऐवजी तिथे बसेल असा दुसरा शब्द घालणं मला जास्त भरवशाचं वाटतं, कारण वाक्य वाक्य राहतं.

खरं कारण आधीच माहीत असेल अशी परीक्षा घेता येते का?

येते, आणि मला ही सर्वांत स्वच्छ पद्धत वाटते. ट्रेनिंगच्या डेटात मुद्दाम एक चोरवाट पेरायची: समजा काही सकारात्मक वाक्यांत एक निरर्थक खूण घातली. मॉडेल शिकलं की ते खरोखर त्या खुणेवर चालतं याची आधी खात्री करायची. खूण नव्या वाक्यांत घालून उत्तर पालटतं का पाहायचं. मग स्पष्टीकरणाच्या पद्धतीला विचारायचं. खूण पहिल्या क्रमांकावर आली तर उत्तीर्ण. 2022 मध्ये अशा प्रकारच्या अभ्यासात काही अतिशय लोकप्रिय पद्धती सगळ्यांत सोप्या चोरवाटाही नीट शोधू शकल्या नाहीत. पद्धतीचं नाव तेच, पण ती नेमकी कशी वापरली, म्हणजे ग्रेडियंटची नुसती लांबी घेतली की इनपुटशी गुणाकार केला, यानेही निकाल फिरला. म्हणून "आम्ही अमुक पद्धत वापरली" एवढं सांगणं अपुरं आहे.

याहून सोपी, दहा मिनिटांत करता येणारी तपासणी 2018 ची आहे. मॉडेलचे शिकलेले भार, म्हणजे शिकताना त्याच्या आत बसलेले आकडे, पुसून तिथे यादृच्छिक आकडे घाला. मॉडेलला आता काहीच येत नाही. स्पष्टीकरण तरीही तसंच दिसतंय? मग ते मॉडेलबद्दल काही सांगतच नव्हतं. चित्रांच्या मॉडेलांवर हे केलं तेव्हा काही पद्धतींची चित्रं जवळपास जशीच्या तशी राहिली. त्या पद्धती नुसत्या चित्रातल्या कडा उठवून दाखवत होत्या.

दोन-तीन पद्धतींचं एकमत झालं तर विश्वास ठेवावा का?

थोडा. एकमेकींच्या जवळच्या पद्धती एकसारख्याच चुकतात, त्यामुळे एकमत हा पुरावा नाही. मतभेद मात्र उपयोगी आहे: निदान एक तरी चुकते आहे हे नक्की कळतं.

चॅटबॉट स्वतः सविस्तर कारण सांगतो. त्याहून थेट पुरावा कोणता?

सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि माझी सर्वांत मोठी काळजीही इथेच आहे. मॉडेलने लिहिलेलं कारण हेही मॉडेलने तयार केलेलं वाक्यच असतं. ते वाक्य लिहिताना आपल्या आतली आकडेमोड त्याला वाचता येतेच असं नाही. माणसं अशा वेळी काय लिहितात हे त्याने भरपूर वाचलेलं असतं, आणि तसंच ते लिहितं.

अँथ्रोपिक या एआय कंपनीने 2025 मध्ये आपल्या क्लॉड 3.5 हायकू या मॉडेलच्या आतल्या वाटा माग काढून तपासल्या. त्यात 36 आणि 59 ची बेरीज होती. आत दोन वाटा समांतर चाललेल्या दिसल्या: एक उत्तर साधारण कितीच्या आसपास येईल याचा अंदाज घेत होती, दुसरी एकक स्थानचा अंक काटेकोर काढत होती, आणि दोन्ही मिळून 95 आलं. मॉडेलला विचारलं, कशी केलीस बेरीज? त्याने आपल्याला शाळेत शिकवतात तशी सांगितली: 6 आणि 9 पंधरा, हातचा एक, 3 आणि 5 आणि 1 नऊ. उत्तर बरोबर आणि रीतही बरोबर, पण ती रीत त्याने वापरलेली नव्हती.

बेरजेत यामुळे कोणाचं नुकसान होत नाही. पुढचं उदाहरण अधिक गंभीर आहे. माइल्स टर्पिन आणि सहकाऱ्यांनी 2023 मध्ये जीपीटी 3.5 आणि क्लॉड 1.0 यांना बहुपर्यायी प्रश्न दिले. प्रश्नाआधी जी नमुना उदाहरणं देतात त्यांतले पर्याय असे फिरवले की बरोबर उत्तर नेहमी 'अ'. मॉडेल त्या ओढीला बळी पडलं. त्या अभ्यासातल्या वेगवेगळ्या ओढींमुळे 13 प्रकारच्या कामांवरची अचूकता जास्तीत जास्त 36 टक्क्यांनी घसरली. पण लिहिलेल्या कारणांत 'आधीची सगळी उत्तरं अ होती' याचा उल्लेख जवळजवळ कुठेच नाही. एक प्रश्न होता, वेन रूनीने अठराच्या रेषेबाहेरून फटका मारला हे वाक्य संभवनीय आहे का. ओढ नसताना मॉडेल सांगतं की रूनी फुटबॉलपटू, असा फटका फुटबॉलमध्ये असतो, म्हणून संभवनीय. ओढ घातली की तेच मॉडेल सांगतं की ही भाषा फुटबॉलमध्ये रूढ नाही, अमेरिकन फुटबॉल किंवा गोल्फची असावी, म्हणून असंभवनीय. निष्कर्ष आधी ठरला आणि त्याला शोभेल असं ज्ञान मागून गोळा झालं. रूनीच्या जागी कर्जाचा अर्जदार ठेवून पाहा.

उत्तराआधी लिहिलेली विचारांची साखळी तरी खरी असते ना?

कधी असते, कधी नसते, कामागणिक बदलतं. तपासायच्या रीती मात्र सोप्या आहेत आणि अँथ्रोपिकच्या 2023 च्या अभ्यासात त्या एकत्र मांडल्या आहेत. साखळी मध्येच तोडा आणि तिथेच उत्तर मागा. उत्तर तेच आलं तर उरलेली साखळी सजावट होती. साखळीत एक चूक घुसवा; मॉडेल त्या चुकीमागे गेलं नाही तर ते साखळी वाचतच नाहीये. साखळीच्या जागी नुसते ठिपके ठेवा, किंवा तोच आशय वेगळ्या शब्दांत लिहा. त्या अभ्यासात काही कामांत मॉडेल साखळीवर पुरतं विसंबून होतं आणि काहींत जवळपास अजिबात नाही. मला चटका लावून गेलेला निष्कर्ष असा की बहुतेक कामांत मोठी, अधिक सक्षम मॉडेलं साखळीशी कमी इमानी निघाली. त्यांना उत्तर आधीच येत असतं.

नव्या, लांब विचार करणाऱ्या मॉडेलांनी हे मिटवलेलं नाही. 2025 मध्ये प्रश्नासोबत उत्तराचा इशारा पेरून पाहिलं. ज्या वेळी मॉडेलने इशारा वापरला, त्यांपैकी क्लॉड 3.7 सॉनेटने सरासरी 25 टक्के वेळा आणि डीपसीक आर 1 ने 39 टक्के वेळा तसं कबूल केलं.

माणसंही स्वतःची खरी कारणं सांगू शकत नाहीत. मग मॉडेललाच हा नियम का?

निस्बेट आणि विल्सन या मानसशास्त्रज्ञांनी 1977 मध्ये हेच दाखवलं होतं. पायमोज्यांच्या एकसारख्याच चार जोडांतून लोक बहुधा सर्वांत उजवीकडचा जोड निवडत आणि कारण मात्र विणकामाचं सांगत. गोष्ट खरी आहे, पण ती सबब होऊ शकत नाही. एक माणूस दिवसात मोजके निर्णय घेतो आणि त्याला उलट प्रश्न विचारता येतात. एकच मॉडेल लाखो लोकांबद्दल ठरवतं, आणि माणसाच्या डोक्याच्या उलट त्याचा प्रत्येक आकडा उघडून तपासता येतो. जे तपासता येतं ते न तपासण्याला समर्थन नाही.

कोणी मुद्दाम फसवी स्पष्टीकरणं बनवू शकतं का?

हो, आणि करून दाखवलंही आहे. लाइम आणि शॅप मोडकी-तोडकी उदाहरणं तयार करून मॉडेलला विचारतात, हे ध्यानात घेऊन 2020 मध्ये संशोधकांनी असं मॉडेल रचलं जे खऱ्या माणसांच्या नोंदींवर वंशावरून ठरवत होतं आणि तपासणीतली कृत्रिम उदाहरणं आली की निरुपद्रवी कारणांवर चालत होतं. अमेरिकेतल्या कॉम्पास या गुन्हेगारी-जोखमीच्या नोंदींवर हे मॉडेल लाइमला निर्दोष दिसलं. त्याच वर्षी भाषेच्या मॉडेलांबाबत दिसलं की माणसाच्या परिचयावरून त्याचा व्यवसाय ओळखणारं मॉडेल लिंग दाखवणाऱ्या शब्दांवर चालत असूनही, त्या शब्दांवरचं अटेंशन जवळपास शून्यावर आणता येतं. ज्या तपासणीत कंपनीच स्पष्टीकरणाची पद्धत निवडते आणि कंपनीच निकाल दाखवते, तिच्यावर मी विश्वास ठेवणार नाही.

कायदा काय म्हणतो?

युरोपीय संघाच्या 2024 च्या एआय कायद्यातलं 86 वं कलम जास्त जोखमीच्या यंत्रणांच्या निर्णयाचा फटका बसलेल्या व्यक्तीला स्पष्ट आणि अर्थपूर्ण स्पष्टीकरण मागण्याचा हक्क देतं. ते स्पष्टीकरण मॉडेलशी जुळतं का हे कसं तपासायचं, ते कलम सांगत नाही. 'स्पष्ट आणि अर्थपूर्ण' ही कसोटी पटणाऱ्या पण बेइमान स्पष्टीकरणालाही सहज पार करता येईल.

इमान किती टक्के, असा एकच आकडा मिळेल का?

नाही. कोणी देत असेल तर तो कोणत्या चाचणीचा, कोणत्या डेटावरचा, हे विचारा. इमान कमी-जास्त असतं, आणि ते मॉडेल, काम आणि इनपुटचा प्रकार यांवर ठरतं. याकोवी-गोल्डबर्ग यांनीही 'आहे किंवा नाही' असा निवाडा सोडून प्रमाणात बोला असंच सुचवलं होतं.

मराठी मॉडेलांसाठी यात काही वेगळं आहे का?

बरंच. आणि त्याकडे अजून पुरेसं लक्ष गेलेलं नाही, कारण वरच्या भाषेच्या जवळपास सगळ्या चाचण्या इंग्रजीवर घडल्या आहेत.

इंग्रजीत नकार बहुधा सुटा शब्द असतो. मराठीत तो 'नाही', 'नको', 'नये' असा सुटाही असतो आणि क्रियापदाच्या पोटातही शिरतो. "पुस्तक हातातून खाली ठेववेना" हे कौतुक आहे. यातला नकार काढायचा तर अख्खं क्रियापद जातं, आणि काढून पाहण्याच्या चाचणीला 'ठेवणं' महत्त्वाचं होतं की 'ना', हे कळायला मार्गच नाही. इथे 'ठेववेना' च्या जागी 'ठेवलं' घालून पाहिलं तरच काही हाती लागतं.

दुसरी अडचण तुकड्यांची. मॉडेल शब्द वाचत नाही, टोकन, म्हणजे शब्दांचे तुकडे, वाचतं. 'विद्यार्थ्यांसाठीच्या' सारख्या शब्दाचे चार-पाच तुकडे होऊ शकतात, आणि कुठे तुटेल ते मॉडेलगणिक वेगळं. मराठीसाठी घडवलेलं महाबर्ट आणि 17 भाषांचं म्युरिल एकाच ठिकाणी तोडतील असं धरून चालता येत नाही. श्रेय तुकड्यांना मिळतं आणि आपण ते शब्दावर रंगवतो. तुकड्यांची बेरीज घ्यायची, सरासरी घ्यायची की सर्वांत मोठा आकडा, यावरून शब्दांचा क्रम बदलतो. लांब प्रत्यय असलेले शब्द बेरजेत उगाच वर येतात. हा निर्णय कोणता घेतला हे निष्कर्षासोबत लिहिलंच पाहिजे.

तिसरी गोष्ट लिंग-वचनाची. "ती आली" मधलं कर्त्याचं लिंग क्रियापदातही आहे. 'ती' झाकून "मॉडेल लिंगाकडे पाहत नाही" असा निष्कर्ष काढणं मराठीत चूकच ठरेल. 'आली', 'म्हणाली', 'हुशार होती' यांतून ते उघडं राहतं. पक्षपात तपासताना संपूर्ण वाक्याचं लिंग पालटून दोन्ही रूपांवर मॉडेलची उत्तरं ताडून पाहावी लागतात.

माझ्याकडे मराठी वर्गीकरणाचं मॉडेल आहे. सुरुवात कुठून करू?

डेटापासून. एल3क्यूब-पुणे या गटाचा महासेंट हा सुमारे 16,000 मराठी ट्वीटांचा, सकारात्मक-नकारात्मक-तटस्थ असा संच आहे. महाहेट हा द्वेषपूर्ण भाषेचा, 25,000 हून अधिक ट्वीटांचा. दोन्हींवर प्रयोग करता येतात.

आधी भार पुसण्याची तपासणी करा. त्यात पद्धत नापास झाली तर तिथेच थांबा आणि पद्धत बदला. मग एक चोरवाट पेरा, पण इंग्रजी अभ्यासासारखी निरर्थक खूण न घेता मराठीत प्रत्यक्ष घडणारी घ्या: एखाद्या गावाचं नाव, आडनाव किंवा एखाद्या बोलीतलं रूप, जे फक्त एकाच वर्गाच्या वाक्यांत येतं. द्वेष ओळखणारी मॉडेलं अशाच गोष्टींवर घसरण्याची भीती असते, आणि तुमच्या पद्धतीला ती चोरवाट दिसत नसेल तर खऱ्या डेटातली कशी दिसणार? त्यानंतर काढून पाहण्याच्या दोन्ही चाचण्या, सोबत यादृच्छिक तुलना, आणि मोजक्या वाक्यांवर शब्द काढण्याऐवजी शब्द बदलून.

ही शेवटची वाक्यं हाताने लिहा. मालवणीतली घ्या, वऱ्हाडीतली घ्या, ट्वीटांवर दिसणारी मराठी-इंग्रजी मिसळलेली घ्या. प्रत्येक वाक्याच्या दोन आवृत्त्या करा, एकाच शब्दाने वेगळ्या, आणि मॉडेल चालवण्याआधीच स्पष्टीकरणानुसार उत्तर पालटायला हवं की नको ते लिहून ठेवा. जिथे तुमचा अंदाज आणि मॉडेलचं उत्तर जुळलं नाही ती वाक्यं जपून ठेवा आणि मॉडेलसोबत प्रसिद्ध करा, म्हणजे ते वापरणाऱ्याला त्याच्या स्पष्टीकरणांवर कुठे विसंबायचं नाही हे आधीच कळेल.